तालमीची वेळ

आमच्याकडची जुनी माणसं "व्यायाम करतो" असं कधी म्हणायची नाहीत. "तालमीत जातो" म्हणायची. पहाटे कुणी अंगणावरून जाताना दिसला की ओटीवरून विचारणा व्हायची, "काय रे, निघालास का तालमीत?" आणि तो चालता चालता म्हणायचा, "होय काकी, येतो जाऊन." करणं हे एकट्याचं काम. जाणं म्हणजे कुठेतरी, कुणाकडे तरी जाणं. तिथे आणखी चार माणसं आपली वाट बघत असणार, हे त्या एका शब्दातच होतं.

बोईसर स्टेशनवरून पश्चिमेला समुद्राकडे निघालं की वाडवळ, भंडारी, मांगेला, आगरी अशा वस्त्यांची गावं लागतात. त्यांतल्याच एका गावातली ही हकिगत. आमची तालीम म्हणजे मारुतीच्या देवळामागची खोली. आधी कुडाची होती, मग विटांची झाली. आत गुडघाभर खोल हौदा, त्यात चाळलेली तांबडी माती, तिच्यात तेल, ताक आणि हळद कालवलेली. कोपऱ्यात सागाचा मल्लखांब, भिंतीला टेकवलेल्या मुद्गलांच्या दोन जोड्या, खुंटीला लेझीम. घाटावरच्यासारखी नावाजलेली कुस्ती आमच्याकडे नव्हती. गावचा मल्ल कुठे गदा जिंकून आला असंही कधी झालं नाही. जोर, बैठका, थोडा मल्लखांब, थोडी लाठी आणि पावसाळा सरला की कबड्डी, एवढाच संसार.

पण एक रीत होती. जोर मारताना आकडे मोठ्याने मोजायचे, आणि ते वाटून मोजायचे. पहिल्याने एक ते दहा, पुढचे दहा शेजारच्याने. पंधरा पोरं असली की दीडशे. जोर सगळ्यांनी सगळेच मारायचे, पण आवाज आपापल्या दहांना लावायचा. ज्यांनी मारलेत त्यांना ठाऊक असेल, जोर मारताना मोठ्याने मोजायचं म्हणजे दम दुप्पट लागतो. एखादा आला नाही की त्याचे दहा आकडे शेजाऱ्याच्या गळ्यात पडत. म्हणून न येणाऱ्याचा हिशेब वस्तादांना ठेवावा लागत नसे. शेजारीच दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच्या दारात उभा राहायचा. "तुझं ओझं मी किती दिवस वाहू?" एवढंच म्हणायचा, आणि तो डोळे चोळत बाहेर यायचा.

ही रीत आमच्या गावाने शोधून काढली असेल असं मला वाटत नाही. तालमीला लांबची परंपरा आहे. मारुती आणि बलोपासना यांची जोडी समर्थ रामदासांच्या नावाने महाराष्ट्रात घट्ट झाली. गावात मारुती, आणि मारुतीच्या सावलीला तालीम. मल्लखांबाचं पुनरुज्जीवन दुसऱ्या बाजीरावांच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी केलं, आणि ती विद्या त्यांच्या शिष्यांनी ठिकठिकाणी नेली. विसाव्या शतकात याला नवं रूप आलं. बडोद्याला जुम्मादादांच्या आखाड्यात राजरत्न माणिकराव पोरं घडवत होते. त्यांच्याकडे शिकलेल्या स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं. बडोद्यातूनच दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी 'व्यायाम ज्ञानकोश' संपादित केला, दहा खंडांचा. अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये हनुमान आखाडा सुरू केला होता, तोच पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाला. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने तिथे जाऊन देशी खेळ करून दाखवले. पुण्यात १९२४ मध्ये महाराष्ट्रीय मंडळ, दादरला १९२५ मध्ये समर्थ व्यायाम मंदिर, आणि १९३८ मध्ये कांदिवलीला व्यायामशिक्षक तयार करणारी सरकारी संस्था.

आता आमचं गाव यात कुठे बसतं? आम्ही आहोत मुंबई-बडोदा रेल्वेच्या रुळांवर. उत्तरेला बडोदा, दक्षिणेला कांदिवली आणि दादर. शाळेतला ड्रिलचा मास्तर कांदिवलीहून शिकून आलेला असायचा, आणि कुणाचा तरी मामा बडोद्याहून करेलाची जोडी घेऊन यायचा. मोठ्या शहरांत संस्था झाल्या, त्यांच्या इमारती झाल्या, परीक्षा झाल्या. आमच्या वाट्याला त्यातलं आलं ते रांगेत उभं राहणं, एका आवाजावर हालणं आणि वाटून मोजणं. तेवढं पुरलं.

औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांची गोष्ट मला यासाठीच मोलाची वाटते. सूर्यनमस्कार हा खरं तर एकट्याने घरात, सतरंजीवर करायचा व्यायाम. ना जोडीदार लागतो, ना साधन. राजेसाहेब स्वतः रोज नमस्कार घालायचे, त्यावर त्यांनी पुस्तकं लिहिली. पण संस्थानात तो रुजवायची वेळ आली तेव्हा "घरोघरी करा" असं सांगून ते थांबले नाहीत. त्यांनी तो शाळेत आणला. पोरं ओळीने उभी राहिली तेव्हा औंधात सूर्यनमस्कार टिकला. एकट्याने करता येणारी गोष्टसुद्धा टिकवायची तर चारचौघांत न्यावी लागते, हे त्या राजाने ओळखलं होतं.

तालुक्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागात, रुळांच्या पूर्वेला, तालमी नव्हत्या. वारल्यांच्या पाड्यांवर व्यायाम असा वेगळा काढावा लागत नव्हता. नांगरणी, आवणी, मोळ्या, डोंगर चढणं, सगळा दिवस अंगमेहनतच. तरी भाताची कापणी झाली की तीच माणसं रात्र रात्र तारपा नाचायची. वाळका दुधी, बांबू, ताडाचं पान आणि मेण यांचा तो तारपा. वाजवणारा मध्ये, बाकीचे बायका-पुरुष एकमेकांच्या कमरेला हात घालून त्याच्याभोवती. त्याने सूर बदलला की पाय बदलायचे. तारप्याकडे पाठ करायची नाही. पद्मश्री जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांतलं ते माणसांचं वेटोळं आता जगभर माहीत झालंय. मी लहानपणी पाड्यावर ते बघितलं तेव्हा मला एकच प्रश्न पडला होता, ही माणसं दमत कशी नाहीत? एका म्हाताऱ्या बाबांनी सांगितलं, "दमतो ना. पण शेजारचा धरून आहे, मग खाली कसा बसशील?"

याच गोष्टीचा प्रयोग पुढे ऑक्सफर्ड विद्यापीठात झाला, वल्ही मारणाऱ्या बारा खेळाडूंवर. सारख्याच मेहनतीचा सराव त्यांनी एकदा एकेकट्याने केला आणि एकदा संघाने, एका लयीत. सरावानंतर दंडाला रक्तदाबाचा पट्टा आवळून त्यांची कळ सोसण्याची ताकद मोजली. संघाने केलेल्या सरावानंतर ती स्पष्टपणे जास्त भरली. एका तालात हालणाऱ्या शरीरात वेदना मंदावणारी द्रव्यं अधिक सुटत असावीत, असा संशोधकांचा तर्क. आमच्या किनाऱ्यावरच्या कुणालाही हे वाचून नवल वाटणार नाही. होडी वाळूवर ओढताना 'हैय्या' कशाला म्हणतात ते सातपाटीच्या पोराला शिकवावं लागत नाही.

या सवयीचा उपयोग अंग कमावण्यापुरता राहिला नाही. १९४१ मध्ये राष्ट्र सेवा दलाची नवी उभारणी झाली आणि एस. एम. जोशी दलप्रमुख झाले. संध्याकाळच्या शाखेत खेळ, कवायत, लेझीम, गाणी. रोज ठरल्या वेळी जमायचं. पुढच्याच वर्षी चले जावची हाक आली. १४ ऑगस्ट १९४२ ला आसपासच्या गावांतून माणसं पायी पालघरला मोर्चाने आली. गोळीबार झाला, पाच जण हुतात्मे झाले. पालघरचा हुतात्मा चौक त्यांच्याच आठवणीचा. जोर मारल्याने कुणी शूर होतो असं मी म्हणणार नाही. पण गोळीसमोर एकटा माणूस पळतो. शेजारच्याबरोबर चालायची ज्यांना सवय असते, ती माणसं उभी राहण्याचा संभव जास्त.

मग आमचा भाग बदलला. १९६९ मध्ये तारापूरला देशातली पहिली अणुवीज सुरू झाली. त्यानंतर बोईसरला औद्योगिक वसाहत आली. कापडाचे, रसायनांचे, औषधांचे, लोखंडाचे कारखाने आले. भाताच्या शेतावर जगणाऱ्या घरात महिन्याच्या महिन्याला पगार येऊ लागला. हे वाईट झालं असं म्हणणारा मी नव्हे. माझ्या बहिणींची लग्नं त्या पगारावर झाली आणि माझ्या पोरांची शिक्षणंही. पण पगाराबरोबर पाळी आली. सात ते तीन, तीन ते अकरा, अकरा ते सात. दर आठवड्याला बदलणारी.

त्यानंतर पाच-सात वर्षांत तालीम ओस पडली. हौद्यातली माती घट्ट झाली, मांजरं तिथे विऊ लागली. गावात कारणं सांगितली गेली ती अशी: पोरं आळशी झाली, टीव्ही आला, पैसा आला, गुत्ता आला. मी स्वतः पाळीत एकतीस वर्षं काढलीत, म्हणून हिशेब मांडून सांगतो. तालमीची वेळ पहाटे पाचची. पहिल्या पाळीचा माणूस त्या वेळी डबा भरून बसच्या तयारीत. तिसऱ्या पाळीचा कारखान्यात मशीनवर. उरला दुसऱ्या पाळीचा, तो रात्री अकराला सुटून बाराला घरी आलेला, एकला झोपलेला. म्हणजे पहाटे पाचला गावातला कामगार कुठल्याच पाळीतून मोकळा नाही. शिवाय रोज मुंबईला जाणारे. डहाणूपर्यंत लोकल २०१३ मध्ये आली, त्याआधी शटल आणि पॅसेंजरवर मदार. चिंचणीकडची जी माणसं घरीच डायमेकिंग करायची, तीही ऑर्डर असेल तेव्हा अर्ध्या रात्रीपर्यंत मान मोडून बसलेली. आळस नव्हता हो. गावाची एक वेळ होती, ती तीन तुकडे होऊन फुटली.

जपानने वेळेचं हे काम रेडिओवर सोपवलं होतं. १९२८ पासून तिथे रेडिओवर कवायतीचं संगीत लागतं. आजही सकाळी साडेसहाला ते लागलं की मैदानात, चाळीत, शाळेत माणसं एकाच वेळी हात वर करतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरांच्या गळ्यात कार्ड असतं आणि आलेल्या पोराच्या कार्डावर शिक्का पडतो. छान रीत आहे. पण साडेसहाला तिसरी पाळी संपवून हातपाय धुणाऱ्या माणसाला तीही उपयोगाची नाही.

आमच्या खात्यात याला वाट सापडली ती ठरवून नव्हे. पाळीचा एक गुण असतो, तो बाहेरच्यांना माहीत नसतो. वेळ दर आठवड्याला बदलते, पण माणसं बदलत नाहीत. आपली तुकडी आपल्याबरोबरच फिरते. पहिलीला असतील तर सगळे पहिलीला, तिसरीला तर सगळे तिसरीला. गावातला सख्खा मित्र महिनोन् महिने भेटत नाही, आणि तुकडीतला माणूस रोज आठ तास समोर. आमच्या तुकडीत उत्तर प्रदेशातले तिघे होते, बोईसरच्या एका चाळीत खोली करून राहणारे. एके दिवशी पहिली पाळी सुटल्यावर मी त्यांच्याकडे चहाला गेलो, तर दाराबाहेर विटांवर हात टेकून एकजण दंड मारतोय. आमचा जोर, त्यांचा दंड. आमचा मारुती, त्यांचे बजरंगबली. वर भिंतीला तोच फोटो, हातात द्रोणागिरी घेतलेला. मी शर्ट काढून शेजारी बसलो. तो म्हणाला, "भाऊ, गिनती तुम करो." मी मराठीत दहा मोजले, त्याने हिंदीत दहा.

पुढच्या महिन्याभरात आम्ही आठ झालो. पहिल्या पाळीच्या आठवड्यात दुपारी साडेचारला, दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात सकाळी दहाला, तिसरीच्या आठवड्यात संध्याकाळी पाचला, झोप झाल्यावर. जागा चाळीमागचं पटांगण. साधन म्हणजे विटा, आणि सिमेंट भरलेले दोन डबे दांड्याला लावून केलेलं वजन. व्यायामाची वेळ एक हवी, रोज तीच हवी, असं सगळे सांगतात. आमची वेळ तर दर सोमवारी बदलायची. तरी ते चाललं, चौदा वर्षं. कारण 'आज जावं का' हा प्रश्नच उठायचा नाही. गेट सुटलं की आठही जण एकत्रच बाहेर पडायचे. न जायचं तर सात जणांना तोंडावर सांगावं लागायचं. ते जोर मारण्यापेक्षा अवघड.

त्या चौदा वर्षांत काय मिळालं? आमच्यातल्या कुणाची छाती फुगली नाही. पाळीच्या माणसाची झोप मोडते, पोट बिघडतं, पुढे साखर वाढते, रक्तदाब मागे लागतो. आम्हालाही यातलं काही ना काही लागलंच. पण आठांपैकी एकाची दारू वाढत चालली होती, ती व्यायामाला येऊ लागल्यावर आपसूक कमी झाली. साडेचारला दंड मारायचे तर चारला पिऊन येता येत नाही. एकाची बायको बाळंतपणात गेली, तेव्हा तो पंधरा दिवस आला नाही. सोळाव्या दिवशी दोघे त्याच्या दारात गेले. व्यायामासाठी नव्हे, नुसतेच. तो उठून त्यांच्याबरोबर आला आणि पटांगणात नुसता बसून राहिला. त्याच्या वाटचे दहा आकडे त्या दिवशी कुणी मोजले नाहीत. तेवढे सोडून एकदम पुढच्या आकड्यावर गेलो.

या सगळ्या इतिहासात बायका नव्हत्या, हे लिहायलाच हवं. तालमीच्या उंबऱ्यापर्यंत त्यांना येऊ दिलं जात नव्हतं. त्यांच्या वाट्याला मंगळागौरीची फुगडी, गौरीच्या रात्री, पाड्यावरचा तारपा. म्हणजे वर्षातले मोजके दिवस. रोजचं म्हणून काही नाही. ते चित्र माझ्या डोळ्यांदेखत बदलतंय. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला आणि पोलीस भरतीचं वारं इथल्या मुलींच्या घरापर्यंत पोहोचलं. मैदानी चाचणीला ५० गुण. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. पहाटे साडेचारला आमच्या रस्त्यावरून आता सात-आठ मुली पळत जातात. काही किनाऱ्याकडच्या, काही पाड्यांवरच्या. एकट्या मुलीला त्या अंधारात घरचे पाठवणार नाहीत. आठ जणी म्हटल्यावर पाठवतात. त्यांच्यासाठी सोबत म्हणजे नुसती चिकाटीची गोष्ट नाही, घराबाहेर पडायचा परवानाच आहे तो. एक आजारी पडली आणि दुसरीचं लग्न ठरलं, की उरलेल्यांच्या घरी लगेच कुरकुर सुरू होते. म्हणून त्या एकमेकींना धरून असतात. जी मागे पडते तिच्यासाठी पुढच्या दोघी वळून परत येतात. मग तिला मध्ये घेऊन पळतात.

त्यांच्या टोळीला एक धोका मात्र आहे, आणि तो त्यांनाही कळतो. भरती झाली की टोळी फुटते. दोघी लागतात, सहा जणी राहतात, आणि राहिलेल्यांना वाटतं आता कशाला पळायचं. तालमीला निकाल नव्हता, त्यामुळे तिला शेवटही नव्हता. गेल्या खेपेला लागलेली एक मुलगी सुट्टीवर गावी आली की पहाटे त्याच रस्त्यावर येऊन उभी राहते, उरलेल्यांबरोबर पळते, आणि परतताना त्यांच्या घरी बसून चहा घेते. तिला आता गुण नको आहेत. ती येते म्हणून आणखी दोन वर्षं ती टोळी टिकेल, असं मला वाटतं.

अलीकडे गावोगाव व्यायामशाळा आणि ओपन जिम मंजूर होतात. चांगलं आहे, व्हायलाच हव्यात. पण कितीक ठिकाणी कुलूप असतं आणि लोखंड खाऱ्या वाऱ्याने गंजतं. गावाने ठराव करताना एक ओळ वाढवावी एवढंच माझं मागणं. जागा किती, साहित्य किती, हे लिहिल्यावर खाली लिहावं, इथे कोण कोण आणि कोणत्या पाळीत येणार. सहा नावं पुरेत. त्या सहांतलं एखादं नाव दोन दिवस दिसलं नाही की उरलेल्या पाचांनी त्याच्या दारात जावं. आमच्या आठांतले आता चौघेच इथे आहेत, बाकीचे आपापल्या मुलखात परतले. आम्ही चौघे सकाळी सातला शाळेच्या मैदानावर चालतो, गुडघे आहेत तोवर. मुली तेव्हा पळून परत येत असतात. त्यांच्यातली एक परवा म्हणाली, "काका, तुम्ही दोन दिवस दिसला नाहीत, बरं आहे ना?"